प्लगचा रंग, हैदराबादची हवा

टाटा-लेलँडचे डिझेल ट्रक पाहत मोठ्या झालेल्या पिढीला ट्रकमध्ये स्पार्क प्लग असतो, याचंच नवल वाटेल. डिझेल इंजिनात दाबलेली हवाच इतकी तापते की ठिणगी लागत नाही. पण एके काळी ट्रकही पेट्रोल पीत. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हर्ले गाड्या जोडल्या. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो निघाले, आणि लष्करासाठी निसानचा वन-टन ट्रक भारतात तयार झाला. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी, डोक्यावर कार्ब्युरेटर. छावणीचं गाव असलेल्या सिकंदराबादला ही गाडी नवी नाही. असा ट्रक हौसेनं राखणाऱ्याला संगणकाची वायर जोडून दोष सापडत नाही. त्यानं प्लग पाना घ्यावा आणि सहाही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडावेत.

पाहायचं ते प्लगच्या टोकाशी असलेलं पांढरं चिनी मातीसारखं नाक. ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं. इंजिन चालताना त्याचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. मग हजारो व्होल्टचा दाब फटीत ठिणगी पाडण्याऐवजी काजळीवरून परस्पर बॉडीला उतरतो आणि गाडी मिस मारू लागते. उलट नाक फारच तापलं तर ठिणगी पडायच्या आतच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक. कोरडी, मखमली काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर तुंबलेला, चोक अडकलेला किंवा फ्लोटची पातळी चढलेली. ओला, तेलकट काळा थर दिसला तर इंजिन ऑइल खातंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. पांढरंफटक, फोड आलेलं नाक म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), टायमिंग चुकलेलं किंवा कुलिंग कमी. चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर गाडी लगेच थांबवावी. तो पिस्टनचा वितळलेला धातू असू शकतो.

एका प्लगपेक्षा सहांची तुलना अधिक सांगते. सहाही काळे असतील तर दोष सगळ्यांच्या वाटेवर, म्हणजे कार्ब्युरेटरकडे किंवा इग्निशनमध्ये. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असल्याचा संशय घ्यावा.

इथवरचं सगळं जुन्या मॅन्युअलमध्ये सापडतं. पण त्यातली रंगीत चित्रं शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं, आणि आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. अशा पेट्रोलवर निरोगी इंजिनाचा प्लगही चित्रातल्यापेक्षा फिकट दिसतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका किलोला हवा लागते १४.७ किलो, तर वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. कार्ब्युरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, भोक मात्र तेवढंच. म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं.

आता हैदराबाद पाहा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा चाळिशीवर. उंचीनं आणि उष्म्यानं हवा दहाएक टक्के विरळ होते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. त्यामुळे मिश्रण पाच-सहा टक्के घट्ट होतं. इथेनॉल एकीकडे ओढतं, इथली हवा दुसरीकडे. उन्हाळ्यात दोन्ही जवळजवळ फिटतात. डिसेंबरच्या थंड पहाटे मात्र हवा दाट होते, इथेनॉलचं पारडं जड होतं आणि तोच प्लग पांढरा पडू लागतो. मुंबईच्या सपाटीवर तर बाराही महिने हीच ओढ.

म्हणून जुन्या ट्रकच्या मालकांनी चार गोष्टी पाळाव्यात. नुसत्या आयडलिंगनंतर प्लग काढू नये. तेव्हा तो काळाच दिसणार. मोकळ्या रस्त्यावर गाडी लोडवर चालवावी, इग्निशन बंद करून ती न्यूट्रलमध्ये सुरक्षित जागी थांबू द्यावी, आणि इंजिन निवल्यावर प्लग काढावेत. सिलिंडरचा क्रम चुकवू नये. पेट्रोल कोणतं आणि महिना कोणता, हे वहीत टिपून ठेवावं. रंग बघून लगेच जेट बदलायला धावू नये. आधी फिल्टर, फ्लोट आणि टायमिंग तपासावं. ही तपासणी फुकट आहे, इंजिन खोलायचा खर्च मात्र मोठा.