दोन उन्हाळ्यांची चॅम्पियन

पहिल्याच सीझनला ट्रॉफी आणि दुसरा सीझन संपताच टीमला कायमचं कुलूप! बफेलो स्टॅम्पीड या अमेरिकन टीमची ही गोष्ट, तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीची.

न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो हे बर्फाचं शहर. आइस हॉकी तिथे रक्तातच. मात्र नव्वदच्या दशकात अमेरिकेत वेगळंच वारं आलं. एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइन स्केट्सची तुफान क्रेझ! ती हेरून डेनिस मर्फी यांनी सहकाऱ्यांसोबत १९९३ मध्ये 'रोलर हॉकी इंटरनॅशनल' ही प्रोफेशनल लीग सुरू केली. नव्या लीग काढण्यात मर्फींचा हातखंडा. बास्केटबॉलची एबीए आणि आइस हॉकीची डब्ल्यूएचए उभी करण्यातही ते होते. विजेत्याला मिळणाऱ्या ट्रॉफीचं नावही मर्फी कप!

आयडिया सोपी होती. उन्हाळ्यात आइस हॉकीची स्टेडियम्स रिकामी, छोट्या लीगमधले प्लेअर्सही मोकळे. मग बर्फाऐवजी प्लॅस्टिकच्या टाइल्स अंथरा आणि खेळा! गोलकीपर धरून एका बाजूला पाच जण, म्हणजे आइस हॉकीपेक्षा एक कमी. मॅच बारा-बारा मिनिटांच्या चार क्वार्टर्सची. मोकळी जागा जास्त, त्यामुळे गोलही धडाधड.

१९९४ मध्ये स्टॅम्पीड मैदानात उतरली. घरचं मैदान होतं मेमोरियल ऑडिटोरियम, म्हणजे शहराच्या लाडक्या सेबर्स या आइस हॉकी टीमचंच. त्याच वर्षी जानेवारीत बफेलो बिल्स सलग चौथ्यांदा सुपर बोलची फायनल हरले होते. सेबर्सकडेही स्टॅन्ले कप नव्हताच. अशा शहरात या नवख्या टीमने फायनलमध्ये पोर्टलँड रेजला हरवून थेट मर्फी कप आणला!

मग माशी कुठे शिंकली? लीगने घाई केली. पहिल्या वर्षी १२ टीम्स, दुसऱ्याच वर्षी २४! एवढ्या शहरांत दर उन्हाळ्याला तिकीट काढून येणारं पब्लिक आणायचं कुठून? टीम्स येत होत्या, बंद पडत होत्या, गाव बदलत होत्या. १९९५ च्या सीझननंतर स्टॅम्पीडही थांबली. १९९६ ची चॅम्पियन ऑरलँडो जॅकल्ससुद्धा दोनच सीझन टिकली. १९९७ पर्यंत लीगमध्ये १० टीम्स उरल्या, १९९८ मध्ये सीझनच झाला नाही आणि १९९९ मध्ये आठ टीम्सचा शेवटचा सीझन खेळून लीगने गाशा गुंडाळला.

हे फक्त अमेरिकेतच होतं असं समजू नका. २०१२ मध्ये आपल्याकडे वर्ल्ड सिरीज हॉकी झाली होती. त्यात पुणे स्ट्रायकर्सनी फायनल गाठली. त्या लीगचा दुसरा सीझन कधी झालाच नाही.

हल्ली आपल्याकडेही दर वर्षी कुठली ना कुठली नवी लीग येते. जर्सी भारी, अँथम भारी, ओपनिंगला सेलिब्रिटी. पण प्लेअरला पुढच्या वर्षी खेळायला टीम लागते आणि ती टिकायला फॅन्स पुन्हा यावे लागतात. स्टॅम्पीडने मैदानात जिंकायचं होतं ते सगळं जिंकलं. बाकीचा हिशेब त्यांच्या हातात नव्हता.