नवनिर्मात्याचा आंतरजालीय प्रेक्षकवर्ग : घडण आणि मर्यादा

प्रस्तावना :
करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात राहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती आज चित्रीकरण, संपादन आणि प्रसारण ही तिन्ही साधने एकाच मोबाईलच्या रूपाने आली आहेत. निर्मिती सुलभ झाली. प्रेक्षक मिळविणे मात्र तितके सुलभ झालेले नाही. नव्या निर्मात्याचा प्रेक्षकवर्ग कसा घडतो व तो कितपत टिकाऊ असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपरंपरा :
नव्या माध्यमासाठी प्रेक्षक घडविण्याचा प्रश्न कोल्हापूरला अपरिचित नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. महाभारतातील सर्वपरिचित कथा त्यांनी निवडली. मूळचे चित्रकार असल्याने चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. अनोळखी माध्यमाला ओळखीच्या आशयाची जोड देण्याचे हे सूत्र आजही लागू पडते.

प्रेक्षकवर्गाची घडण :
'प्रेक्षणसंख्या' आणि 'प्रेक्षकवर्ग' या भिन्न संकल्पना आहेत. योगायोगाने आलेला प्रेक्षक संख्या वाढवितो. पुन्हा परतणारा प्रेक्षकच वर्ग घडवितो. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली यास अधिक महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी, फसवे शीर्षक देऊन ओढलेला प्रेक्षक क्षणात निघून गेल्यास निर्मात्याचेच नुकसान होते.

अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सत्तरीच्या घरातील या गृहिणीने नातवाच्या साहाय्याने २०२० मध्ये 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी सुरू केली. घरगुती पदार्थ, ग्रामीण बोली आणि आजीचा जिव्हाळा यांमुळे अल्पावधीत तिला लाखो सदस्य लाभले. प्रमाण भाषेचे वा शहरी राहणीचे अनुकरण त्यासाठी करावे लागले नाही.

सातत्याचे गणित :
जाहिरात-उत्पन्नासाठी यूट्यूबने २०१८ मध्ये किमान १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. लघुचित्रफितींसाठी ९० दिवसांत १ कोटी प्रेक्षणे हा पर्याय २०२३ मध्ये आला. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येक प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबला, तर ६०,००० प्रेक्षणे लागतात. दर आठवड्यास एक चित्रफीत दिल्यास प्रत्येकीस सुमारे १,१५० प्रेक्षणे मिळावी लागतात. हा केवळ उत्पन्नाचा उंबरठा होय. उदरनिर्वाहाची हमी नव्हे. शिक्षण अर्धवट सोडून या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हे गणित मांडणे अगत्याचे आहे.

मर्यादा :
प्रेक्षक निर्मात्याचे असले, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट परक्याच्या मालकीची असते. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकवर बंदी घातली आणि ग्रामीण भागातील असंख्य निर्मात्यांचा प्रेक्षकवर्ग एका दिवसात दुरावला. ऑक्टोबर २०२० मध्ये 'आपली आजी' या वाहिनीचा ताबाही सायबर चोरांनी घेतला होता. काही दिवसांनी ती परत मिळाली. उभे पीक कसणाऱ्याचे, पण जमीन दुसऱ्याची, अशी ही स्थिती आहे.

निष्कर्ष :
१. निश्चित विषय, स्वतःची बोली व नियमितपणा हे नवनिर्मात्याचे प्रमुख भांडवल होय. गुऱ्हाळ, तालीम, ऊसशेती हे परिसरातील विषय त्यास उपलब्ध आहेत.
२. विकत घेतलेले सदस्य संख्या फुगवितात. ते चित्रफिती पाहत नसल्याने प्रेक्षणाचा कालावधी वाढत नाही.
३. मूळ चित्रफितींच्या प्रती जतन करणे, खात्यास द्विस्तरीय सुरक्षा देणे आणि एकाहून अधिक माध्यमांवर उपस्थित राहणे आवश्यक आहे.
४. प्रेक्षकवर्ग घडण्यास काळ लागतो. म्हणून प्रारंभीच्या काळात ही निर्मिती शिक्षणास पर्याय न ठरता पूरक राहावी, यासाठी प्राध्यापकांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते.