मशीनचे तुटलेले कान

चाकणच्या एका कंपनीच्या आवारातलं गवत कापायचं काम आमच्या घराला मिळालं ते ऐन पावसाळ्यात. अब्बा पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, धाकट्या भावाची नोकरी नुकतीच सुटलेली. नवं पेट्रोलवरचं मशीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून भंगारवाल्याकडून जुनं उचललं. दोरी दुसऱ्यांदा ओढली आणि इंजिन सुरू झालं. पात्याला धार लावून घेतली. आम्ही खूश.

पहिल्याच दिवशी गेटवर सेफ्टी ऑफिसरने वाकून पाहिलं आणि मशीन परत पाठवलं. मागची झडप कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं. झडप होती, पण पिशवीत. बिजागरीचे दोन्ही कान तुटलेले. विकणाऱ्याने सांगितलं होतं, तिच्यावाचूनही चालतं. चालतंच, खोटं नाही. भावाने एका दुपारी घरामागे तसंच चालवलं, तर सुपारीएवढा खडा मागे उडून पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या खाला घाबरून बाहेर आल्या. तो पत्र्याऐवजी कोणाच्या नडगीला लागला असता तर?

हिशेब अब्बांनीच कागदावर मांडून दाखवला. 18 इंची पातं मिनिटाला 3000 फेरे घेतं, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. म्हणून तर अशा मशीनच्या दांड्याला दाबून धरायची कळ असते. हात सुटला की पातं थांबतं. अमेरिकेत 1982 पासून नियमच आहे की, कळ सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. आपल्याकडे ही कळ तारेने बांधून ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. भावाच्याही मनात ते आलं होतं. अम्मीने तार लपवून ठेवली.

काम सोमवारपासून सुरू करायचं होतं. त्या मॉडेलची झडप दुकानात मिळेना; दोन ठिकाणी तर नवीनच घ्या असा सल्ला मिळाला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारंही धरली, हे वाचून बरं वाटलं होतं. पण सोमवार काही समितीसाठी थांबत नाही.

अब्बांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब आणली. कान बसला, रात्रभर सुकवला, सकाळी बोटाने दाबला तर पापडासारखा सुटला. दुसऱ्यांदा खरवडून लावला, तेच. चूक गोंदाची नव्हती. झडप चिखलाने माखलेली होती. ती घासून धुतल्यावर आतल्या बाजूला दोन बाणांच्या टोकांमध्ये उठावदार इंग्रजी अक्षरं दिसली: 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणचट, साधा गोंद त्याला धरतच नाही. त्याला वितळवूनच जोडावं लागतं.

आणि हे काम आपल्या भागात रोज चालतं! मोटारीचे बहुतेक बंपर याच पॉलिप्रॉपिलीनचे, त्यात थोडं रबर मिसळलेलं असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये बंपर जोडणारे गल्लोगल्ली सापडत. कुदळवाडीत तर जुन्या प्लास्टिकचे ढीगच असत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं आणि पत्र्याच्या शेड पाडल्या, तेव्हापासून ओळखीचे कारागीर शोधत फिरावं लागतं. आम्हाला हवा असलेला कारागीर दुसऱ्या गावच्या रस्त्याकडेला, एका ताडपत्रीखाली भेटला. जुम्म्याची नमाज आटोपून अब्बा आणि भाऊ त्याच्याकडे गेले.

त्याने आधी झडपेच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या डब्यात टाकला. तो तरंगला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. एबीएस, नायलॉन, पीव्हीसी बुडतात. (भर घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही कधी बुडतं, म्हणून अक्षरं सापडली तर त्यांच्यावर आधी भरवसा ठेवावा.) मग कानाला गेलेल्या तड्याच्या टोकाला त्याने बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंनी 'व्ही' आकाराची खाच काढली. सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी आत दाबली. शेवटी एका फुटक्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यातून कापलेल्या पट्ट्या वितळवत खाच भरली, आधी आतून, मग बाहेरून. पट्टी त्याच जातीची का? जात बदलली तर दोन्ही वितळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वरून छान दिसतं आणि पहिल्या झटक्याला निघतं. पंख्याखाली गार करायची घाई त्याने केली नाही. मजुरी मागितली ती नव्या मशीनच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

घरच्या बादलीची कडी, कूलरची जाळी यांनाही हीच रीत लागू पडते. एबीएसला मात्र त्याचा खास द्रावक गोंद चालतो. नायलॉन वितळायला 220 अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्याच्या नादी घरी लागू नये. वासावरून ओळखायला प्लास्टिक जाळून पाहणारेही भेटतील. तुकडा पीव्हीसीचा निघाला तर त्याचा धूर आम्लाचा असतो, मुलांसमोर तर नकोच. आणि वितळवायचं काम खिडकी उघडी ठेवून करावं. मशीनला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची. पात्याभोवतीचं कवचच तडकलं असेल तर ते जोडू नये, बदलावं. झडपेचे कान जोडणं वेगळं आणि फिरत्या पात्याचा मार सोसणारा भाग जोडणं वेगळं, हे त्या कारागिरानेच बजावलं.

सोमवारी गेटवर झडप वर उचलून सोडण्यात आली. ती आपोआप खाली पडली, मशीन आत गेलं. उजवा कान अजून तोच आहे. डावा गणपतीच्या सुमारास पुन्हा तडकला. या वेळी भावाने तो स्वतः जोडला, अब्बा फक्त शेजारी स्टुलावर बसून होते.