घरी चाचणी करावी, पण कधी?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पाथर्डीच्या बाजूला शिक्षकांशी बोलत असताना आमच्या हाती एक बिननावाची चिठ्ठी आली. 'दोन आठवड्यांपूर्वी चूक घडली. घरी एचआयव्हीची चाचणी केली, एकच रेघ आली. आता बायकोला सांगायला नको ना?'

उत्तराआधी ही रेघ कशी उमटते ते पाहू. बोटातल्या थेंबभर रक्तावर घरी करायच्या चाचण्या बहुधा विषाणू शोधत नाहीत. त्या शोधतात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी झुंजण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने. पट्टीवर एका जागी विषाणूसारखी प्रथिने बसवलेली असतात. रक्तातली प्रतिपिंडे तेथे अडकली की रेघ दिसते. दुसरी रेघ चाचणी नीट झाल्याची खूण असते. ती उमटली नाही तर चाचणीच बाद.

प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला मात्र दिवस लागतात. बाजरी पेरल्यावर दुसऱ्या दिवशी रान मोकळेच दिसते, म्हणून पेरणी झालीच नाही असे कोणी म्हणत नाही. संसर्ग झाला आहे पण चाचणीत दिसत नाही, अशा या काळाला 'गवाक्षकाळ' म्हणतात. घरच्या एचआयव्ही चाचणीसाठी तो साधारण २३ ते ९० दिवसांचा असतो. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर प्रतिजन व प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी चाचणी १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत दाखवते.

गंमत नव्हे, धोक्याची गोष्ट अशी की, याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू भरपूर असतात. म्हणजे चाचणी 'नाही' म्हणत असतानाच संसर्ग जोडीदाराकडे सहज जाऊ शकतो.

रोगाप्रमाणे हिशेब बदलतो. गरमीचा (उपदंशाचा) न दुखणारा व्रण १० ते ९० दिवसांत उठतो, सरासरी २१व्या दिवशी. रक्तचाचणी त्यानंतरही काही दिवस 'नाही' म्हणू शकते. परमा आणि क्लॅमिडिया यांचा शोध एचआयव्हीच्या पट्टीवर लागतच नाही. त्यासाठी लघवी किंवा स्राव तपासावा लागतो, साधारण दोन आठवड्यांनी. स्त्रियांमध्ये हे दोन्ही रोग अनेकदा काहीही लक्षण न दाखवता राहतात. व्रण, स्राव किंवा जळजळ असेल तर मात्र दिवस मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

मग घरची चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावच्या स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. ज्ञान दवाखान्याबाहेर यावे, हे आपण तेथे शिकलो. मात्र साधनासोबत ते वापरण्याची वेळही कळली पाहिजे. रेघ उमटली तरी निदान पक्के झाले असे नाही. सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी ते पक्के करतात. ही तपासणी मोफत आणि गोपनीय असते. १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. २०१७च्या कायद्यानुसार चाचणीला व्यक्तीची संमती लागते. म्हणून कोणावर ती लादू नये, विद्यार्थ्यावर तर नाहीच.

चिठ्ठीचे उत्तर आम्ही सर्वांसमोर दिले, कारण प्रश्न एकट्याचा नव्हता. चौदाव्या दिवसाची 'नाही' म्हणजे उत्तर नव्हे. आता सरकारी रुग्णालयात जाऊन सल्ला घ्यावा व इतर रोगांचीही तपासणी करावी. ९० दिवस पूर्ण झाल्यावर चाचणी पुन्हा करावी, आणि तोवर निरोध वापरावा. पहिल्या ७२ तासांत आला असता तर संसर्ग रोखणारी २८ दिवसांची औषधे सुरू करता आली असती, हेही सांगितले.

आणि पत्नीला? निरोध का, हे ती विचारणारच. तिच्याही आरोग्याचा प्रश्न आहे, तेव्हा तिला खरे कळायला हवे. ते कसे सांगावे यासाठी केंद्रातले समुपदेशक मदत करतात. पट्टी ते काम करू शकत नाही.