रांजणगावात रांजण नाही

शिकागोहून भाच्याचा फोन आला की माझी आपा तो स्पीकरवर टाकते. शेजारणींनाही ऐकू यावा, हा त्यातला हेतू. २०१९ च्या दिवाळीत मी तिच्याकडे रांजणगावला मुक्कामी होतो, तेव्हा असाच फोन आला. भाचा म्हणाला, "मामू, घर बदललं. आता मी शिकागोत नाही, शेजारच्या व्हिलेजमध्ये राहतो."

आपा एकदम गप्प झाली. शहरातला माणूस गावात परत जातो तो नोकरी सुटल्यावरच, हे तिचे अनुभवाचे शास्त्र. १९९१ साली ती नवऱ्यामागून आमच्या कुंभार पिंपळगावातून निघाली, तेव्हापासून तिने अशी कितीतरी घरे परत जाताना पाहिली होती. कंपनीत ब्रेक मिळाला, दोन महिने काम नाही, चला गावी. भाच्याला हे समजावायला अर्धा तास लागला की अम्मी, नोकरी आहे, पगार आहे, हे व्हिलेज शहरापेक्षा महाग आहे.

ते व्हिलेज म्हणजे ओक पार्क. शिकागो शहर पश्चिमेकडे ऑस्टिन बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर संपते आणि रस्ता ओलांडला की ओक पार्क लागते. मध्ये नदी नाही, शेत नाही, टोलनाकाही नाही. शहराची लोकल गाडी सरळ गावात येते. क्षेत्रफळ साधारण बारा चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या चोपन्न हजारांवर. तरी कायद्याने ते व्हिलेजच. तिथे महापौर नसतो, गावाचा अध्यक्ष असतो आणि त्याच्याबरोबर सहा सदस्य. आपल्या भाषेत सरपंच आणि सहा पंच म्हणा. हेमिंग्वे याच गावात १८९९ साली जन्मला. फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुकाराचे घर आणि कामाची जागा इथेच होती. त्याने बांधलेले युनिटी टेंपल २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले.

हे सगळे भाचा सांगत होता आणि मी त्याच्या आईच्या खोलीत बसून ऐकत होतो. ते रांजणगावही कागदोपत्री गावच होते.

रांजणगाव शेणपुंजी हे त्याचे पूर्ण नाव. आमच्या कुंभार पिंपळगावच्या नावात कुंभार, आणि ज्या गावात आमची माणसे पोटाला गेली त्याच्या नावात रांजण. कवीला असला योगायोग फार आवडतो. पण आपाच्या दारात मी रांजण कधी पाहिला नाही. निळे प्लॅस्टिकचे ड्रम पाहिले. दोनशे लिटरचा एक, असे तीन ड्रम, आणि त्यांच्यावर झाकण म्हणून जुने फ्लेक्स.

वाळूजचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरहून, नगरच्या दिशेने निघाले की छावणी ओलांडून थोड्या वेळाने औद्योगिक वसाहत लागते. १९८५ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला. त्यामागे त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आले, मग औषधांचे, दारूचे, विजेच्या सामानाचे. नव्वदच्या दशकात सिडकोने 'वाळूज महानगर' आखले. नावात महानगर, पण राज्यकारभार ग्रामपंचायतींचा. वडगाव कोल्हाटी, पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगाव, खुद्द वाळूज अशी ती गावे. त्यांतही वडगाव कोल्हाटी औरंगाबाद तालुक्यात आणि रांजणगाव गंगापूर तालुक्यात. कंपनीचा भोंगा दोन्हीकडे एकच ऐकू येतो, दाखला काढायला मात्र दोन वेगवेगळ्या दिशांना जावे लागते.

यातले पंढरपूर बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकते. तिथे विठ्ठलाचे मंदिर आहे आणि आषाढीला शहरातून इतकी माणसे चालत येतात की नगर रस्ता बंद करावा लागतो. ज्याला भीमेकाठी जायला रजा मिळत नाही, तो कामगार पहिली पाळी करून इथे येतो. माझे दुल्हेभाई त्या दिवशी कामगार चौकात पाणी वाटायला उभे राहत. पाणी तेही विकत घेतलेले, पण त्याचा हिशेब ते सांगत नसत.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. वाळूजच्या कारखान्यांना पाणी जायकवाडीचे. त्याच धरणाचा डावा कालवा आमच्या घनसावंगी तालुक्यातून जातो. आमच्याकडे कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत मोसंबी जगवतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडे तोडून सरपण केले, आणि तेव्हा आमच्या गावातून आणखी घरे वाळूजला आली. म्हणजे एकाच धरणाच्या पाण्याने आधी गावात धरून ठेवले आणि नंतर कारखान्याच्या दारात बोलावले. कारखान्याच्या दारापासून आपाच्या दारापर्यंत मात्र ते पाणी आले नाही. तिच्या गल्लीत टँकरच येत राहिला.

असे का, याचे उत्तर जमिनीच्या तुकड्यात आहे. एमआयडीसीने आखलेल्या बजाजनगरसारख्या भागात रस्ते, नळ, गटारे आखून झाली. त्याच्या कडेला शेतकऱ्यांनी आपली शेते वीस बाय तीसच्या तुकड्यांत विकली. कागद म्हणजे बॉण्डपेपर, साक्षीदार म्हणजे चहावाला. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. राज्याने २००१ साली ती नियमित करण्याचा कायदा केला खरा, पण तो शहरी भागाचा विचार करून. गावाच्या हद्दीतली गुंठेवारी ना धड शेत, ना धड गावठाण. दुल्हेभाईंनी २००३ मध्ये असाच एक तुकडा घेतला, चार खोल्या पत्र्याच्या टाकल्या, एकीत आपण राहिले आणि तीन भाड्याने दिल्या. भाडेकरू सगळे बीड, परभणी, जालन्याचे. पुढे बिहारचेही आले.

आता ग्रामपंचायतीचा हिशेब पाहा. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात. लोकसंख्या कितीही वाढो, सतराच्या पुढे आकडा जात नाही. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांतले जे कमी असेल ते. आमच्या बाजूच्या एखाद्या वाडीला हे शोभते. पण जिथे एका चाळीतच शंभर माणसे राहतात तिथे दोन चाळी जमल्या की कायद्याने गाव जमले! जनगणनेवाल्यांचे मोजमाप निराळे. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची दाटी आणि कामकरी पुरुषांतले पाऊण हिस्सा लोक शेतीबाहेर, एवढे जमले की ते गावाला 'जनगणना नगर' म्हणतात. वाळूजच्या गावांनी हे माप कधीच ओलांडले. पण ती नुसती नोंद. त्या नोंदीने गटार येत नाही. त्यासाठी नगर परिषद व्हावी लागते, किंवा शेजारच्या महापालिकेने पोटात घ्यावे लागते. साताऱ्याचे आणि देवळाईचे हेच झाले. २०१४ मध्ये त्यांची नगर परिषद झाली आणि वर्षभरात ती महापालिकेत गेली. तिथले लोकही नंतर बरीच वर्षे टँकरचीच वाट पाहत होते, तेव्हा शहरात जाणे हा काही रामबाण उपाय नव्हे.

गावपणाचा फायदा कोणालाच नाही असे नाही. कर कमी, घरभाडे कमी, बांधकामाला कोणी फार विचारत नाही. गरीब माणूस पहिल्यांदा शहराच्या जवळ टेकतो तो अशाच ठिकाणी. हे मी विसरत नाही.

ओक पार्कने मात्र गाव राहणे ठरवून निवडले. १८९९ साली शेजारचे ऑस्टिन शिकागोत गेले. ऑस्टिनच्या लोकांचे मत विरुद्ध होते, पण बाकीच्या टाउनशिपने मतदान करून त्यांना देऊन टाकले. ते पाहून ओक पार्कने १९०२ मध्ये आपले वेगळे व्हिलेज उभे केले. आपला कर आपण घ्यायचा, आपली शाळा आपण चालवायची. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९५० साली पर्सी ज्युलियन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तिथे घर घेतले. हा माणूस कृष्णवर्णीय, गुलामांचा नातू. सोयाबीनपासून औषधी हार्मोन तयार करण्याच्या कामासाठी त्याचे नाव झालेले. कुटुंब राहायला येण्याआधीच घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला, आणि पुढच्या वर्षी सुरुंगाच्या दारूचा स्फोट केला गेला. ज्युलियन हलले नाहीत. बंदूक घेऊन बाप-लेक पहारा देत बसले.

साठीच्या दशकात ऑस्टिनमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली तशी गोरी कुटुंबे गल्ली-गल्लीने पळाली. दलाल घाबरवत, घर आत्ताच विका, उद्या मातीमोल होईल. ओक पार्कच्या पंचांनी १९६८ मध्ये ठराव केला की घर विकताना वा भाड्याने देताना वंश आणि धर्म पाहायचा नाही. पुढे 'घर विकणे आहे' या पाट्यांनाच मनाई झाली. १९७२ मध्ये भाडेकरूंना सगळ्या गल्ल्यांत मिसळून घरे मिळावीत म्हणून एक केंद्र निघाले. १९७८ मध्ये घराच्या किमतीची हमी देणारी योजना आली. सगळे गोड झाले असे नव्हे. ऑस्टिनच्या बाजूचे काही रस्ते त्याच गावाने बंद केले, ते आजही बोचते. पण ज्याच्या घरावर स्फोटके टाकली, त्या ज्युलियनच्या नावाची शाळा आज त्या गावात आहे.

हे ऐकताना मला १९९४ चे दिवस आठवत होते. मी बी.ए. होऊन कामाच्या शोधात आपाकडे आलो होतो आणि वेगळी खोली पाहत हिंडत होतो. एका ठिकाणी खोली पसंत पडली, मालकाने चहा दिला, जालन्याचे म्हणून ओळखीही निघाल्या. मग त्यांनी नाव विचारले. चहा संपेपर्यंत खोली कालच गेलेली निघाली. असे तीनदा झाल्यावर मी सुरुवातीलाच नाव सांगू लागलो, निदान चहाची वेळ तरी वाचे. चौथ्या ठिकाणी एक म्हातारी होती, गळ्यात तुळशीची माळ. तिने नाव ऐकून एवढेच विचारले, "रात्रपाळी आहे का? दार वाजवलेलं मला चालत नाही." त्या खोलीत मी दोन वर्षे राहिलो. माझ्या पहिल्या कविता तिथल्या आहेत. माझ्या वाट्याला ठराव आला नाही, म्हातारी आली.

दुल्हेभाई २०२२ च्या उन्हाळ्यात गेले. भाच्याला पोहोचणे शक्य नव्हते. आमच्याकडे मयत फार वेळ ठेवत नाहीत, आणि कुंभार पिंपळगाव शंभर किलोमीटरच्या पुढे. गावाकडचे नातेवाईक फोनवर म्हणत होते, आपल्या मातीत आणा, कबर खोदायला माणसे लावली आहेत. रुग्णवाहिकाही दारात आली होती. इकडच्या कब्रस्तानातल्या जाणत्या माणसांनी जरा अडखळतच विचारले, "मय्यत मूळची कुठली?" जागा कमी, माणसे रोज वाढती, त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी उत्तर द्यायच्या आत पडद्याआडून आपा बोलली, "एकतीस साल से यहीं के हैं." रुग्णवाहिका परत गेली.

तोवर तिचे रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, सगळे गावीच होते. नुसते तिचेच नव्हे. दर निवडणुकीला आदल्या रात्री आमच्या गावाहून गाड्या येत आणि वाळूजच्या गल्ल्यांतून आपली मते गोळा करून नेत. जाता-येता जेवण फुकट, वर आईवडिलांची भेट, म्हणून सगळे हौसेने जात. ज्या गावात राहायचे तिथला टँकर कोणी ठरवायचा यात त्यांचे मत नसे, आणि ज्या गावात मत, तिथे ते राहत नसत.

चाळिसावा झाल्यावर आपाने मला बरोबर घेतले आणि नाव बदलीचा अर्ज भरला. पुराव्याला विजेचे बिल लागले. ते दुल्हेभाईंच्या नावावर होते, म्हणून दोन खेपा जास्त झाल्या. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला गावाहून नेहमीप्रमाणे गाडी आली. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला पोरगा, त्याच्या हातात यादी, यादीत आपाचे नाव शोधतोय. आपाने त्याला बसवले, ड्रममधले पाणी काढून चहा टाकला आणि सांगितले की आता त्या यादीत शोधू नको, माझे नाव इथल्या शाळेच्या खोली नंबर चारमध्ये आहे.

पोरगा म्हणाला, "मग फुप्पू, तुमची जागा रिकामीच नेऊ का?"

"शेजारच्या परभणीवाल्याला विचार," ती म्हणाली, "त्याला सेलूपर्यंत सोड."