पाठीवरची ओबी व्हॅन

माउलींची पालखी दिवे घाटात शिरली की सगळ्या मराठी वृत्तवाहिन्यांना एकच चित्र हवे असते. वळणावळणाने वर सरकणाऱ्या दिंड्या, भगव्या पताका आणि खाली वडकीचा मस्तानी तलाव. त्यासाठी पूर्वी थेट प्रक्षेपणाच्या गाडीला, म्हणजे ओबी व्हॅनला, मोक्याची जागा आधीच धरून ठेवावी लागे. आता कॅमेरामन घाट पायी चढतो आणि चित्र पाठवण्याची सगळी यंत्रणा त्याच्या पाठीवरच्या काळ्या पिशवीत असते. वाहिन्यांमध्ये तिला सरळ ‘बॅकपॅक’ म्हणतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी वर्षे बाहेरून थेट प्रक्षेपण म्हणजे गाडी, जनरेटर, परवानग्या आणि माणसांचा ताफा. पुढे गाडीच्या टपावर उपग्रहाची डिश आली. सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायला चित्राला पाव सेकंद लागे. पण ती वाट वाहिनीच्या हक्काची होती, खाली कितीही गर्दी होवो.

पिशवीची वाट मात्र सार्वजनिक आहे. या यंत्रात सर्वांत सुंदर काय असेल, तर अनेक कमकुवत जोडण्यांतून एक भक्कम जोडणी उभी करण्याची युक्ती. २००६ साली स्थापन झालेल्या लाइव्हयू या इस्रायली कंपनीने तिचा मोठा प्रसार केला. पिशवीत वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतात. कॅमेऱ्यातून केबलवाटे सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट इतके एचडी चित्र येते. एन्कोडर ते दाबून पाच-दहा मेगाबिटवर आणतो, त्याचे तुकडे करून प्रत्येकाला क्रमांक देतो आणि ज्या सिमला त्या क्षणी रेंज आहे त्यावरून तुकडे सोडतो. एकाच दिंडीतले वारकरी निरनिराळ्या वाटांनी निघावेत आणि मुक्कामी पुन्हा आपल्या क्रमाने उभे राहावेत, तसे हे तुकडे स्टुडिओतल्या सर्व्हरवर जुळतात. एखादा हरवलाच तर सर्व्हर तो पुन्हा मागवतो.

पुन्हा मागवायला वेळ लागतो, म्हणून विलंब मुद्दामच ठेवावा लागतो. विलंब एका सेकंदाखाली आणला, तर अँकर आणि बातमीदाराचे बोलणे सहज वाटते, पण चित्र फुटण्याची भीती वाढते. तोच दोन-तीन सेकंदांवर नेला, तर चित्र स्वच्छ येते, पण प्रश्न कानात पोहोचून उत्तर परत येईपर्यंत बातमीदार पडद्यावर नुसता उभा दिसतो. घाटात प्रत्येक वळणावर रेंज बदलते. त्यामुळे कॅमेरामनचा एक डोळा फ्रेमवर, तर दुसरा पिशवीच्या छोट्या पडद्यावर असतो. कोणते सिम पडले, कोणते उठले, हे पाहत तो चार पावले पुढेमागे होतो. ही नजर कोणत्याही मॅन्युअलमधून येत नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावातूनही ‘लाइव्ह’ शक्य झाले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी आले.

तरीही पंढरपूरजवळच्या वाखरीच्या पालखीतळावर पिशवी हतबल होते. एक कंपनी कोलमडली तर दुसरी सावरून घेईल, हा या यंत्राचा पाया. पण लाखो लोक एका जागी जमले की सगळ्याच कंपन्यांचे मनोरे एकदम तुंबतात. त्यातच मोबाइल नेटवर्कची क्षमता मुख्यतः डाउनलोडसाठी राखलेली असते. रिंगणाच्या वेळी मात्र प्रत्येकाला फोटो आणि व्हिडिओ वर पाठवायचे असतात. म्हणजे बातमी जिथे सर्वांत मोठी, नेमकी तिथेच चित्र गोठते. मग चित्रण करून ठेवायचे आणि रेंज मिळाली की पाठवायचे, नाहीतर ओबी व्हॅनकडे वळायचे.

५जीमधले ‘स्लाइसिंग’ हे त्यावरचे उत्तर मानले जाते. यात नेटवर्कचा एक हिस्सा एखाद्या कामासाठी राखून ठेवता येतो. मे २०२३मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी व्होडाफोन ही मोबाइल कंपनी आणि आयटीएन ही वृत्तसंस्था यांनी लंडनमध्ये हे करून दाखवले.

वारीत हा हिस्सा कुणाच्या वाट्यातून काढायचा? गर्दीत चुकामूक झालेल्या आईला शोधणाऱ्या मुलाचा फोनही त्याच मनोऱ्यावरून जातो, आणि त्याच्यासाठी राखीव हिस्सा कुणी विकत घेतलेला नसतो. गर्दीच्या ठिकाणी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते मनोरे आणून उभे करतात. वाहिन्यांना राखीव जागा द्यायचीच असेल, तर ती अशा वाढीव क्षमतेतून द्यावी आणि किती व किती तासांसाठी दिली, हे पालखी निघण्यापूर्वी जाहीर करावे.