गावचा डॉक्टर घडतो कुठे?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की अंथुर्ण्याच्या पुढे शेळगाव लागतं. उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. अशा गावात सकाळी दवाखान्याचं शटर वर गेलं की बाकावर येऊन बसणाऱ्यांना कोणताच विभाग नसतो. तापलेलं पोर, चार दिवस अन्नावर वासना नसलेली आजी, फवारणी करून आल्यापासून मळमळणारा गडी, आणि "डॉक्टर, पित्त झालंय, एक इंजेक्शन द्या" म्हणणारा पन्नाशीचा शेतकरी.

या शेतकऱ्यापाशी जरा थांबू. विजेची पाळी रात्रीची, म्हणून तो उसाला पाणी देत जागा राहिलेला. छातीत जळजळतंय, पहाटे दरदरून घाम आला होता. असं सांगत येणाऱ्या बहुतेकांना खरोखरच पित्त असतं, आणि एखाद्याला हृदयविकाराचा झटका आलेला असतो. मोठ्या रुग्णालयात पोचलेला रुग्ण आधीच कुणीतरी पारखून पाठवलेला असतो. गावच्या दवाखान्यात ही पारख पहिल्यांदा होते. सगळ्यांनाच बारामतीला धाडलं तर लोकांची मजुरी बुडते, भाड्याचा भुर्दंड बसतो. कुणालाच नाही धाडलं तर एखादा जिवानिशी जातो. घाम कधी आला, चालताना दम लागतो का, घरात कुणाला हा आजार होता का, हे विचारायचं, ईसीजी काढायचा, संशय आला तर ॲस्पिरिन चघळायला देऊन त्याला ताबडतोब गाडीत बसवायचं. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून गाफील राहायचं नाही. फवारणीच्या गड्याचंही तसंच. तोंडाला लाळ सुटलीय आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, हे ज्याच्या नजरेला पडेल तोच त्याला वाचवेल. वॉर्डातल्या राउंडमागे फिरून ही नजर पुरती तयार होत नाही.

आपल्याकडे साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर्षभर इंटर्नशिप झाली की कायद्याने डॉक्टर स्वतंत्रपणे दवाखाना टाकू शकतो. पुढची धडपड पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेची. ज्याला जागा मिळत नाही तो जनरल प्रॅक्टिस करतो, असा समज घराघरात रुजलाय. हा समज चूक आहे, आणि त्याची किंमत गावं मोजतात.

ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांचं स्वतःचं कॉलेज 1952 साली उभं राहिलं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या सरकारी सेवेत स्वतंत्र जीपी व्हायचं तर तीन वर्षांचं खास प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यातला काही काळ रुग्णालयांत जातो आणि काही काळ प्रत्यक्ष दवाखान्यात, अनुभवी जीपीच्या हाताखाली. शिकाऊ डॉक्टर रुग्ण तपासतो आणि नंतर गुरू विचारतो: त्या बाई उठता उठता काय म्हणाल्या, ते ऐकलंस का?

आपल्याकडे वाट नाही असं नाही. जनरल प्रॅक्टिसच्या या विषयाला इथे फॅमिली मेडिसिन म्हणतात, आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा त्यातला तीन वर्षांचा पदव्युत्तर डीएनबी अनेक वर्षं चालू आहे. 2020मध्ये याच मंडळाने दोन वर्षांच्या पदविका जाहीर केल्या, त्यातही हा विषय आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर चालू दवाखाना बंद न करता शिकता येईल असा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम उभा केला. 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. पण बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा विभागच नाही. ज्या विषयाचा शिक्षक पोरांनी कधी पाहिला नाही, तो विषय ती कशाला निवडतील?

गावांतले कितीतरी दवाखाने बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर चालवतात, हेही स्वच्छ बोलायला हवं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्याने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला आणि वाद पेटला. माझ्या मते खरा प्रश्न पॅथीच्या पलीकडचा आहे. हाताखाली घेऊन शिकवणारं कुणी नसेल, तर प्रमाणपत्र कोणतंही असो, रुग्णाच्या पदरात फार काही पडत नाही.

दवाखान्यातून काय शिकता येतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. 1982 साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र प्रत्येक डॉक्टरने हे एकट्याने, अंधारात चाचपडत शिकावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

बारामतीत 2019पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवती शेळगावसारखी गावं आहेत, आरोग्य केंद्रं आहेत, आणि हयात दवाखान्यात घालवलेले जुने डॉक्टर आहेत. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत पाठवण्याची पद्धत देशात रूढ झालीच आहे. मग फॅमिली मेडिसिनचा विभाग काढून त्याचे विद्यार्थी वर्षभर या दवाखान्यांत का बसवू नयेत? महाविद्यालयाने आणि शासनाने हे मनावर घ्यावं. आणि ज्यांच्या घरात यंदा कुणी नीट-पीजीचा पर्याय-अर्ज भरणार आहे, त्यांनी यादीतल्या फॅमिली मेडिसिनवर बोट ठेवून पोरांशी एकदा नीट बोलावं.